गाडी तापते, पण नेमकी कधी?

‘गाडी गरम होते, बघा जरा’ एवढं सांगून गाडी गॅरेजात लावली की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव, बोलण्यात नुसतं ‘पाणी’) बदललं जातं, मग थर्मोस्टॅट, मग रेडिएटर धुऊन येतो, शेवटी वॉटर पंप. बिल वाढत जातं आणि पुढच्या सुट्टीला कसारा घाटात तापमानाचा काटा पुन्हा वर. दर वेळी यात मेकॅनिकची लबाडी असतेच असं नाही. त्याच्या दारात गाडी येते तेव्हा ती थंड झालेली असते आणि मालकाला धड काही सांगता येत नाही. सिग्नलला उभी असताना तापते की चढावर, एसी लावल्यावर की एसीविना, पाणी कमी होतं की तेवढंच राहतं, हे फक्त चालवणाऱ्याला माहीत असतं. पार्ट बदलायला सांगण्याआधी एवढं टिपून ठेवलंत तर निम्मं निदान झालंच म्हणून समजा.

त्यासाठी मेकॅनिक व्हायची गरज नाही. जुना फडका, टॉर्च, हातमोजे आणि गाडीचं मॅन्युअल एवढं पुरतं.

रस्त्यातच काटा वर गेला तर

काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकतोय पण अजून लाल पट्टीत गेलेला नाही, अशा वेळी एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा. मे महिन्यात हा सल्ला क्रूर वाटतो, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच, म्हणजे गरम पाणी थंड करणारी जाळी. इंजिनाची बरीच उष्णता तो आत ओढून घेतो. घाट चढत असाल तर खालचा गिअर टाका. चौथ्या गिअरमध्ये इंजिन कुंथत चढवलं तर वॉटर पंप आणि पंखा (जिथे तो बेल्टवर फिरतो तिथे) दोन्ही मंद फिरतात, आणि उष्णता मात्र सगळी तयार होते.

काटा लाल पट्टीत गेला, लाल दिवा लागला किंवा बॉनेटखालून वाफ आली, तर पुढे ‘टोलनाक्यापर्यंत नेतो’ असला विचार नको. सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हॅझर्ड लावा. बऱ्याच गाड्यांत चावी नुसती ‘ऑन’वर ठेवली, इंजिन चालू न करता, तरी रेडिएटरचा पंखा फिरत राहतो, फिरला तर काही मिनिटं फिरू द्या. वाफ थांबल्यावर बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास काहीही करू नका.

या अर्ध्या तासात लोक दोन उद्योग करतात आणि दोन्ही महागात पडतात. एक म्हणजे रेडिएटरचं झाकण उघडणं. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की दाब सुटतो, शंभराच्या वर तापलेलं पाणी एका क्षणात उकळतं आणि तोंडावर-हातावर उडतं. दुसरा उद्योग म्हणजे तापलेल्या इंजिनावर बिसलेरीची बाटली ओतणं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं. एकदम गार पाणी पडलं की ते वाकू शकतं, तडकूही शकतं.

रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपाला हात लावता येईल इतका तो थंड झाला, की झाकणावर फडका घालून ते अर्धा आटा फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा. पाणी हळूहळू भरा. अडचणीच्या वेळी साधं पिण्याचं पाणी चालतं. पाणी भरताच खालून धार लागली तर टो करणारी गाडी बोलवा. गळक्या गाडीने घाट उतरायचा नाही.

आणखी एक गोष्ट. काटा वर गेला आणि मग अचानक पार खाली, थंडवर आला, तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी इतकं संपलेलं असतं की सेन्सर कोरडा पडतो आणि कोरडा सेन्सर खोटं सांगतो. हल्लीच्या अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, निळा आणि लाल असे दोन दिवेच असतात. तिथे लाल दिवा लागेपर्यंत कळायला मार्ग नसतो, म्हणून दिवा लागला की तिथेच थांबणं भाग आहे.

आत काय चालतं

वॉटर पंप कूलंट इंजिनभर फिरवतो. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट बंद असतो आणि पाणी आतल्या आत फिरतं. तापमान ८२ ते ८८ अंशांच्या आसपास गेलं की थर्मोस्टॅटमधलं मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे वळतं. धावत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. गाडी उभी असली किंवा रांगत असली की ते काम पंख्याचं.

झाकणाकडे मात्र कोणी बघत नाही, आणि ते फार महत्त्वाचं. ते घरच्या कुकरच्या शिटीचं काम करतं. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं घेतलं तर ते साधारण १०७ अंशांवर जातं. त्यावर झाकणाने ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवला की उकळबिंदू १२५ च्या पलीकडे सरकतो. आता उलट हिशेब करा. झाकणाचं रबर चिरलेलं, आत नुसतं नळाचं पाणी आणि गाडी पसरणी घाटाने पाचगणीमार्गे महाबळेश्वरला निघालेली. तिथे, साडेतेराशे मीटर उंचीवर, उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. इंजिनात काहीही बिघाड नसताना गाडी वाफ सोडेल.

कधी तापते?

आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवा आणि नजर काट्यावर ठेवा.

ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेला लागली की काटा खाली येतो. संशय सरळ पंख्यावर. वारा मिळाला की गाडी ठीक राहते, म्हणजे पाणी फिरतंय आणि रेडिएटरही बऱ्यापैकी काम करतोय. पंख्याची मोटर, फ्यूज, रिले, वायरिंग, सेन्सर यांपैकी काहीतरी गेलंय. बोलेरो, सुमो अशा जुन्या वळणाच्या गाड्यांत पंखा इंजिनावरच बेल्टने फिरतो आणि त्याला व्हिस्कस क्लच (गरजेप्रमाणे पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) असतो. तो ढिला पडला की पंखा नुसता गरगरतो, हवा ओढत नाही. अपघातानंतर पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर परत न बसवलेलं असणं हेही एक कारण, आणि ते सहज निसटतं.

शहरात ठीक, पण घाटात किंवा शंभरच्या वेगाला तापते. इथे पंखा निर्दोष. इंजिन जास्त उष्णता काढतंय आणि ती बाहेर टाकण्याची ताकद कमी पडतेय. रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून चिखल-किड्यांनी चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवटच उघडणारा, वॉटर पंपाची पाती झिजलेली, किंवा हेड पॅकिंग (हेड आणि खालचं इंजिन यांच्या सांध्यातलं पॅकिंग) जाण्याची सुरुवात. घासत राहणारे ब्रेक आणि घसरणारा क्लचही इंजिनाला विनाकारण राबवतात. घाटाच्या माथ्यावर थांबून चारही चाकांजवळ (हात न लावता) हात धरून बघा. एकच रिम भट्टीसारखं तापलं असेल तर दुखणं कुलिंगचं नाही, ब्रेकचं आहे.

चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा लाल. पाणी अगदी कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा पंप फिरतच नाही.

फक्त एसी लावल्यावर तापते. एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढेच असते. एसी चालू असताना रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते. दोन्ही जाळ्यांच्या मधल्या फटीत साचलेली माती बाहेरून दिसत नाही, टॉर्च मारून बघावं लागतं. चंद्रपूर-अकोल्याच्या ४५ अंशांत पुरतं उघडं पडणारं दुखणं हेच. डिसेंबरात तीच गाडी गुणी असते.

काटा वरखाली नाचतो, डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते, हीटर मध्येच गार हवा देतो. आत हवा अडकली आहे. नुकतंच कूलंट बदललं असेल तर ते नीट भरलेलं नाही. बदललं नसेल तर पाणी कुठून तरी जातंय आणि त्याची जागा हवा घेतेय.

सकाळी, गाडी थंड असताना

रात्रभर उभी असलेली गाडी घ्या. पहिलं काम पातळी बघण्याचं. इथे नवखे लोक हमखास फसतात. बॉनेटखालच्या कूलंटच्या पांढऱ्या बाटलीत पाणी दिसलं की ते समाधानी होतात. ज्या गाडीत झाकण रेडिएटरवर असतं, तिथली बाटली नुसती साठवणीची असते. इंजिन तापलं की जास्तीचं पाणी तिच्यात येतं आणि थंड झाल्यावर परत ओढलं जातं. झाकणातली छोटी झडप बिघडली की पाणी बाटलीत जातं, पण परत येत नाही. बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा. म्हणून थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण काढून आत काठोकाठ पाणी आहे का ते बघा. नव्या अनेक गाड्यांत रेडिएटरवर झाकणच नसतं. बाटलीच दाबाखाली असते. तिथे मिन-मॅक्सच्या खुणा पाहिल्या की पुरे, पण तीच बाटली गरम असताना उघडणं रेडिएटर उघडण्याइतकंच धोक्याचं.

झाकण हातात आहेच तर रबर बघा. चिरा, कडक झालेली कड, चिकटलेला गाळ यांपैकी काही दिसलं तर बदला. वर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तोच घ्या. सगळ्या यंत्रणेत बदलायला सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी ही एक आहे.

मग पाण्याचा रंग बघा. गंजाचा तपकिरी रंग म्हणजे वर्षानुवर्षं नुसतं पाणी भरलं गेलंय. बोअरचं पाणी भरलेल्या गाड्यांत झाकणाच्या तोंडाशी पांढरी खर दिसते. तीच खर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही आहे असं धरून चाला. तेलाचा तवंग दिसला तर खालचा हेड पॅकिंगचा भाग आधी वाचा.

आता गळती. एसीमुळे गाडीखाली पडणारं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि त्यात काळजीचं काही नाही. कूलंट बोटाला किंचित बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो, रंग असतो. (चव घेऊन बघू नका, त्यातलं इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे. कुत्र्यांना ती गोडी आवडते, त्यामुळे सांडलेलं लगेच धुऊन टाका.) डॅशबोर्डखाली पायाशी गालिचा ओला आणि चिकट, काचेवर आतून तेलकट धुकं, ही हीटरचा छोटा रेडिएटर गळत असल्याची खूण.

पण गळती दर वेळी जमिनीवर दिसेलच असं नाही. आमच्या नात्यातल्या एका सीएनजी हॅचबॅकचं पाणी महिन्याला वाटीभर कमी व्हायचं आणि खाली थेंब नाही. हेड पॅकिंगचं नाव निघालं होतं, इंजिन खोलायची तारीखही ठरत होती. सीएनजी किटचा रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गोठू नये म्हणून त्याला इंजिनाचं गरम कूलंट दिलेलं असतं, त्यासाठी मूळ हीटरच्या पाइपाला मध्येच कापून टी (तीन तोंडांचा जोड) जोडतात. त्या टीच्या क्लिपखाली टॉर्च धरला तर गुलाबी रंगाची, नखाने खरवडता येईल अशी कोरडी पूड जमलेली होती. गाडी चालू असताना थेंब गरम धातूवर पडायचा, तिथेच वाळायचा, आणि मागे रंग तेवढा ठेवायचा. क्लिप बदलली, पाइपाचं कडक झालेलं टोक बोटभर कापलं, काम झालं. तेव्हा ओल शोधू नका, वाळलेला रंग शोधा. पाइपांच्या टोकांशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकी आणि ॲल्युमिनियम जाळीच्या सांध्याशी, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी. पंपाला ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं; आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं.

पाइप दाबूनही बघा. लाकडासारखा कडक किंवा फारच लिबलिबीत, फुगलेला पाइप बदलायचाच. गाडी थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला दिसला, तर पाइप नव्हे, झाकण दोषी.

आता इंजिन चालू करून

सैल ओढणी, सैल बाही, लोंबणारी साखळी नको. पंखा कधीही सुरू होतो.

पंख्याची सोपी परीक्षा एसीने होते. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरू लागतो. एसीवर फिरतो पण गाडी तापल्यावर स्वतःहून फिरत नाही, तर मोटर बरी आहे आणि सेन्सर किंवा त्याची वायर बघायला हवी. दोन्ही वेळी फिरत नाही, तर आधी फ्यूज, मग रिलेची (पंख्याचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच) तशाच दुसऱ्या रिलेशी अदलाबदल, मग मोटर. फक्त अगदी तापल्यावर मोठ्या आवाजात एकदम फिरतो, तर पंखा कमी वेगाने फिरवणारा रेझिस्टर जळला असण्याची शक्यता मोठी.

थर्मोस्टॅटसाठी एसी बंद ठेवून, थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपावर अधूनमधून हात ठेवा. सुरुवातीची बरीच मिनिटं तो कोमट-गारच राहायला हवा, आणि काटा मधोमध आला की थोड्याच वेळात चांगला गरम. पहिल्यापासूनच हळूहळू गरम होत गेला तर झडप उघडीच अडकलेली आहे, किंवा कोणीतरी ती काढूनच टाकली आहे. काटा वर चढतोय आणि पाइप गारच, तर झडप बंद अडकलीय किंवा पाणी फिरत नाही. वरचा पाइप चटका देणारा, पंखा फिरतोय आणि तरी खालचा पाइप गार, काटा मात्र चढाच, तर रेडिएटर चोंदलाय. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे हाताला लागणारा फरक खाली शोधावा लागतो. मॅन्युअल किंवा मेकॅनिकला विचारून घ्या.

काढलेला थर्मोस्टॅट तपासायला जुन्या पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलू लागते आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडते. ते पातेलं परत स्वयंपाकघरात नको.

२०१३ नंतरच्या गाड्यांत ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचण्याची सोय) ब्लूटूथ तुकडा लावून मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत वाचता येतं. काटा नसलेल्या गाडीला हा फार उपयोगी. त्यात बिघाडाचे कोडही दिसतात. पी ०२१७ म्हणजे इंजिन खरंच तापलं. पी ०१२८ म्हणजे तापायला हवं तेवढं तापत नाही, बहुधा थर्मोस्टॅट उघडा. पी ०११७ किंवा पी ०११८ आला तर इंजिनाआधी सेन्सर आणि त्याची वायर तपासा.

हेड पॅकिंग

हे नाव ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण खर्च मोठा. म्हणून पुराव्याशिवाय मान्य करू नका. गाडी पूर्ण थंड असताना झाकण काढून इंजिन चालू करा. सुरुवातीला चार बुडबुडे आले तर ती अडकलेली हवा असू शकते. इंजिन चालू आहे तोवर बुडबुडे थांबतच नाहीत, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा टणक होणं हीही तीच खूण. पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. थंडीच्या सकाळी निघणारी वाफ यात धरायची नाही. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर गाडी सुरूच करू नका. नुसत्या ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरट थर असेल, तर पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो दमटपणामुळेही येतो.

पक्की खात्री गॅरेजमध्ये होते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात. जळका वायू आला की पेट्रोल गाडीत निळं पिवळं होतं. ही तपासणी आणि पंपाने दाब देऊन गळती शोधणं, दोन्ही इंजिन न खोलता होतात. ती केल्याशिवाय ‘हेड उतरवतो’ म्हणणाऱ्याला थोडं थांबवा. हेड उतरवलंच तर ते वाकलंय का हे पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजून, गरज असेल तर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट) करूनच परत बसवायला सांगा. नुसतं नवं पॅकिंग वाकड्या हेडवर टिकत नाही.

गॅरेजमध्ये दोन गोष्टींना नाही म्हणा

‘थर्मोस्टॅट काढून टाकतो, आपल्याकडच्या हवेत लागत नाही.’ लागतो. तो नसला की इंजिन कायम गार राहतं, कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो, मायलेज घसरतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी आतल्या वाटेनेच फिरत राहतं, रेडिएटरकडे कमी जातं आणि गाडी उलट जास्त तापते. दुसरी, ‘पंखा डायरेक्ट करून देतो.’ घरी पोचण्यापुरता हा जुगाड ठीक. कायमचा ठेवला तर मोटर लवकर जाते, आणि मूळ दोष सेन्सरचा असेल तर तो तसाच राहतो.

रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बुजवण्याचा ट्रकवाल्यांचा जुना तोडगाही तुम्हाला कोणीतरी सांगेलच. आजच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की हळद छिद्राआधी त्याच बुजवते. बाटलीतलं ‘स्टॉप लीक’ही त्याच जातीचं, फक्त वेष्टण चांगलं.

कूलंट भरताना

रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांनी ठरवलेले रंग आहेत. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार बघा. वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ केली तर गंजरोधक लवकर निकामी होतात, कधी गाळही धरतो. बाटलीवर ‘रेडी टू यूज’ लिहिलंय की कॉन्सन्ट्रेट, हे नक्की वाचा. रेडीमेडमध्ये पाणी घालायचं नाही, आणि कॉन्सन्ट्रेट तसंच ओतायचं नाही. निव्वळ ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेऊ शकत नाही. मिसळायला बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या.

गाडी नाक थोडं वर राहील अशा चढावर, हँडब्रेक ओढून आणि चाकांमागे दगड लावून उभी करा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. हळूहळू भरत जा. स्क्रूतून बुडबुड्यांऐवजी सलग पाणी आलं की तो घट्ट करा. मग इंजिन चालू करून पातळी खाली जाईल तसतशी भर घाला, पाणी वर चढू लागलं की झाकण लावा. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा आणि हीटरमधून सलग गरम हवा येतेय ना, बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड गाडीची पातळी पुन्हा तपासा. राहिलेली हवा रात्रीत वर आल्यामुळे ती थोडी उतरलेली असते. तेवढी भरा. तिसऱ्या दिवशीही उतरली, तर टॉर्च घेऊन पुन्हा वाळलेला रंग शोधायला लागा.